मूल सांभाळण्याचा खर्च कोणत्या खात्यावर?



उसाच्या एकरी खर्चाचा तक्ता आपण या अंकातून वेळोवेळी छापतो. नांगरट, सरी सोडणे, बेणे, लागण, खते, पाणीपट्टी, वीजबिल, खुरपणी, बांधणी असे त्यात रकाने असतात. खुरपणीपुढे बायकांचा रोज लिहिलेला असतो. पण ती बाई खुरपायला आली त्या दिवशी तिचे दीड वर्षाचे लेकरू कोणाजवळ होते, याला तक्त्यात रकाना नाही. खर्च मात्र होतोच. कधी पैशात होतो, कधी म्हातारीच्या कंबरेवर पडतो, तर कधी थोरल्या पोरीच्या शाळेवर.

हा विषय ऊस विकास खात्याचा कसा, असे कोणी विचारील. त्याचे असे झाले. गेल्या काही महिन्यांत गटवार महिला मेळावे घेतले. विषय खोडव्याची निगा हाच ठेवला होता. पाचट न जाळता कसे कुजवावे, बुडखे कसे छाटावेत, पहारीने खत कसे द्यावे, हे सांगून झाल्यावर प्रश्न मागवले. मागच्या रांगेतून आवाज आला, "साहेब, पाचट आम्ही कुजवू, पण लेकराला कुठं ठेवू ते सांगा." हशा पिकला. त्यानंतर मात्र दीड तास त्याच विषयावर बोलणे झाले, आणि पुढच्या गटांतही थोड्याफार फरकाने हेच घडले. भगिनींनी सांगितलेले अनुभव एकत्र करावेत आणि त्याला लागू पडणारी सरकारी व्यवस्था काय आहे ते जोडीला लिहावे, एवढाच या लेखाचा हेतू. नावे अर्थातच दिलेली नाहीत.

पहिली अडचण वस्तीची. आपल्या भागात पाटपाणी आले, विहिरी झाल्या, तशी माणसे गावठाण सोडून रानात राहायला गेली. रात्रीचे पाणी धरता येते, जनावरे नजरेसमोर राहतात, सोयीचेच आहे. पण अंगणवाडी गावठाणात राहिली. शाळा, दवाखाना, किराणा, मारुतीचे देऊळ, सगळे तिकडेच. वस्तीवर लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिले मूल झाले, की तिच्याभोवती सासू, नवरा, दोन म्हशी आणि चारी बाजूंनी ऊस. भाद्रपद-आश्विनात ऊस डोक्यावर गेला म्हणजे शेजारच्या वस्तीचे पत्रेसुद्धा दिसत नाहीत. एका भगिनीने सांगितले, बाळंतपण करून माहेराहून आल्यावर तीन महिने तिचे आपल्या वयाच्या दुसऱ्या बाईशी बोलणे झाले नव्हते. फोनवर आईशी होई तेवढेच. मूल रात्रीचे का रडते, वरचे काय द्यावे, दात येताना जुलाब होतात हे खरे का, हे विचारायला कोणी नाही. (दातांमुळे जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, त्याने होतात.) "सासूबाई सांगतात, पण त्यांचं शेवटचं बाळंतपण तीस वर्षांपूर्वीचं," असेही ती म्हणाली. सासूबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. त्याही हसल्या.

या मुलीला मैत्रिणी मिळाल्या त्या लसीकरणाच्या दिवशी. अंगणवाडीत महिन्यातून एक दिवस आरोग्य व पोषण दिवस म्हणून ठरलेला असतो. त्या दिवशी नर्सबाई येतात, लस देतात, मुलांची वजने होतात. तिथे कधी कधी दोन तास ताटकळावे लागते, आणि त्यावरून घरची पुरुषमंडळी कुरकुर करतात. परंतु त्या ताटकळण्यातच आसपासच्या चार वस्त्यांवरच्या सुनांची ओळख झाली. आता त्यांच्यात झबली, टोपरी, पाळण्याची दोरी, खेळणी फिरतात. एकीचे मूल थोरले झाले की कपडे दुसरीकडे जातात. पहिल्या दोन वर्षांत कपड्यांवरचा खर्च किती होतो आणि ते किती दिवस अंगाला बसतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला यातली बचत वेगळी सांगायला नको.

पुढे त्यांनी जे केले ते मला विशेष वाटले. आपल्याकडे एकेक बैल असलेले दोघे शेतकरी वारंगुळा करायचे, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तसा या बायकांनी लेकरांचा वारंगुळा केला आहे. आठवड्यातले चार दिवस चौघींनी वाटून घेतले. ज्या दिवशी जिची पाळी, तिने सगळी मुले आपल्या ओट्यावर सांभाळायची, बाकीच्या तिघी खुरपणीला किंवा भांगलणीला मोकळ्या. त्यांचे काही नियम आहेत. दूध-भाकरी ज्याची त्याने पाठवायची. तापलेले किंवा जुलाब लागलेले मूल आणायचे नाही. आणि ज्या वस्तीवर विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण नाही, तिथे मुले ठेवायची नाहीत, मग पाळी कोणाचीही असो. या शेवटच्या नियमामुळे एका घरच्या कर्त्या माणसाला शेततळ्याभोवती जाळी मारावी लागली. ठीकच झाले. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही, लहान मूल पडले तर वर येऊच शकत नाही. ज्या सभासदांनी अनुदानावर शेततळी घेतली आहेत त्यांनी हा मजकूर वाचून बाजूला ठेवू नये.

आजीबद्दल दोन शब्द. बहुतेक घरांत मूल आजीच सांभाळते, आणि म्हणून "आमच्याकडे खर्च काहीच नाही" असे सांगितले जाते. एका मेळाव्यात साठी उलटलेल्या एका मावशींनी यावर चांगलेच सुनावले. त्या म्हणाल्या, "सकाळी सातपासून पोरगं कडेवर. शेळीमागं गेले तरी रोज मिळतो, इथं चहाला सुद्धा विचारीत नाही कोणी." यावर काय बोलावे?

कारखाना वसाहतीतल्या कुटुंबांची तऱ्हा निराळी. नवरा-बायको दोघेही नोकरीला, आजी-आजोबा गावी. मग मूल सांभाळायला बाई ठेवतात आणि तिला महिन्याचे पैसे देतात. पैसे जास्त वाटतात, पण बाई आली नाही त्या दिवशी दोघांपैकी एकाची रजा पडते, आणि ती बहुधा बाईमाणसाचीच पडते. आणखी एक गोष्ट. जी बाई दुसऱ्याचे मूल सांभाळायला येते, तिचे स्वतःचे मूल घरी कोणी सांभाळायचे? चौकशी केली तर तिची नऊ वर्षांची मुलगी. म्हणजे वसाहतीतला खर्च पुढे सरकत सरकत शेवटी त्या मुलीच्या हजेरीपटावर येऊन थांबला. बापमंडळींचा या सगळ्यात हिस्सा किती, हे मेळाव्यात विचारले तेव्हा पुरुष सभासद मंडपाच्या बाहेर चहा घेत होते. अपवाद आहेत. आमच्या एका गटातील तरुण सभासद मुलाला मोटारसायकलवर पुढे बसवून गट ऑफिसला नोंदी द्यायला येतो. सुरुवातीला लोक चेष्टा करीत, आता मूल ऑफिसमध्ये सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे.

आता शिकवण्याचा भाग. अडीच-तीन वर्षांचे मूल तालुक्याच्या गावी इंग्रजी नावाच्या प्लेग्रुपला घालण्याकडे बऱ्याच सभासदांचा कल आहे. फी, गाडीभाडे, गणवेश, बूट, वह्या, स्नेहसंमेलनाचा पोशाख असा खर्च होतो. कोणी तो आनंदाने करतो, कोणी ऊसबिलाची वाट पाहत करतो. गावातल्या अंगणवाडीत घातले तर मूल मागे पडेल ही भीती त्यामागे आहे. ती समजून घेतली पाहिजे, पण ती तपासूनही पाहिली पाहिजे.

'अंगणवाडी' हे नाव जिथून आले ती हकिगत यासाठी माहीत असावी. ताराबाई मोडक या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम केलेल्या विदुषी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, त्यात त्या होत्या. मॉन्टेसरी पद्धत त्यांना पटलेली होती, परंतु तिची साधने महाग होती आणि बालमंदिरे शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतीच राहत होती. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा या बायका बालवाडीच उचलून वस्तीत घेऊन गेल्या आणि मुलांच्या अंगणात भरवू लागल्या, म्हणून ती अंगणवाडी. साधने कोणती, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि पुढे अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

म्हणजे खेळातून शिकवण्याची जी पद्धत आज भारी फी घेऊन विकली जाते, ती आपल्याकडे शिंपल्यांवर आणि चिंचोक्यांवर सिद्ध झालेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरलेला असून त्यात खेळ, गाणी, गोष्टी यांवर भर आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून रोज पानभर अक्षरे गिरवून घेणारा वर्ग महाग असला तरी चांगला नव्हे. ट्रेमधले एक डोळ्याचे रोप तीन आठवड्यांचे झाले की कोणी त्याला पोतेभर युरिया घालत नाही.

सर्व अंगणवाड्या उत्तम चालतात असे मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी खिचडी वाटण्यापुरते दार उघडते हे आपण पाहतो. त्यावर उपाय एकच, पालकांनी तिथे जाऊन बसावे. ज्या गावात चार आया रोज अर्धा तास तिथे थांबतात, तिथे अंगणवाडी सेविकेलाही हुरूप येतो, आणि त्या आयांच्या आपसात ओळखी होतात हा फायदा वेगळाच.

इतका वेळ आपल्या घरच्या मुलांविषयी लिहिले. आपला ऊस तोडायला जी मुले येतात त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या भागांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई बसली तर अर्धा कोयता, म्हणून बाई बसत नाही. पहाटे अंधारात फडात जायचे, लेकरू बरोबर घ्यायचे, बांधावर पाचटावर फडके टाकून निजवायचे. ते उठले की त्याला बघायला आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. तिची गावाकडची शाळा ऐन सहामाहीला सुटलेली असते आणि परत जाईपर्यंत वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते. फडात ट्रॅक्टर-ट्रॉली मागे घेताना बांधावरचे मूल ड्रायव्हरला दिसत नाही. उसात बिबट्याची मादी पिलांसह असते हे आता नवे राहिलेले नाही. तोडणी चालू असताना पिले सापडल्याचे प्रसंग जुन्नरपासून आपल्याकडेपर्यंत घडलेले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. बांधावर निजलेले मूल बिबट्याला किती लहान दिसत असेल याचा विचार करावा.

हंगामापूर्वी टोळीची नोंद घेतो तेव्हा मुकादमाचे नाव, कोयते, गाड्या, बैल असे रकाने असतात. बैलांना लाळ्या-खुरकुताची लस टोचली की नाही हेही पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. सहा वर्षांखालील मुले किती, हा रकाना नसतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यात, जिथे ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर हवे, अशी तरतूद होती. ही संख्या आधी पन्नास होती, १९७६ साली ती तीसवर आणली गेली. पण तोडणीची बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ती मुकादमाची, मुकादम वाहतूकदाराचा. त्यामुळे ती असल्या कायद्यांच्या कडेलाच राहिली. बांधकामावर हाच प्रश्न होता. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजूर बायांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथे तंबूत पाळणाघर सुरू केले. काम हलले की पाळणाघर हलायचे, म्हणून त्या संस्थेचे नावच 'मोबाइल क्रेशेस' पडले. आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर याहून सोपी युक्ती लिहिली गेली. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यातलीच एक बाई मुले सांभाळायला नेमायची आणि तिला मजुरी द्यायची.

ही युक्ती टोळीला लावून पाहू. जानेवारी २०२४ च्या समझोत्याने तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून सुमारे ३६६ रुपये झाला. तोच दर धरू. समजा दहा कोयत्यांची टोळी आहे आणि कोयत्याला दिवसाला दोन टन तोड होते, म्हणजे वीस टन. एक बाई मुलांजवळ बसली तर अर्ध्या कोयत्याची एक टनाची मजुरी, ३६६ रुपये, तिला द्यावी लागेल. वीस टनांवर वाटली तर टनाला १८-१९ रुपये येतात. एकरी चाळीस टन ऊस निघणाऱ्या सभासदाला हा बोजा एकरी ७२० ते ७६० रुपयांचा झाला, तोही सगळा त्याने एकट्यानेच उचलायचा म्हटले तर. तोडीच्या वेळी खुशाली म्हणून आणि ड्रायव्हरच्या एन्ट्रीपोटी आपण काय मोजतो ते आपापल्या मनाशी आठवावे. ते नियमात बसत नाही, पण दिले जाते. शिवाय बाकीच्या आया दर अर्ध्या तासाने कोयता टाकून बांधाकडे धावणार नाहीत, त्यांची तोड वाढेल, हे वरच्या हिशेबात धरलेलेच नाही. थोरल्या मुलीची सुटका हाही फायदा आहे. कोसबाडला अनुताईंनी विकासवाडी चालवली, तीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवली होती. धाकटे भावंड सांभाळायला कोणी असल्याशिवाय थोरली बहीण शाळेत येऊ शकत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

अंगणवाडीची व्यवस्था कशी आहे तेही थोडक्यात सांगतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात आणि त्यांना तिथे गरम आहार मिळतो. म्हणजे तीन वर्षांखालचे मूल दिवसभर ठेवायची सोय साध्या अंगणवाडीत नाही, आणि कामाला जाणाऱ्या बाईची खरी अडचण नेमकी त्याच वयाची असते. त्यासाठी केंद्राच्या मिशन शक्तीत २०२२ पासून 'पाळणा' ही योजना आहे. तीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास पाळणाघर चालवायची तरतूद असून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते. टोळीतल्या मुलांचे नाव गावाकडच्या अंगणवाडीत असेल तर पोषण ट्रॅकरवरून ते इकडच्या अंगणवाडीत घेता येते, मात्र आईने मोबाइल नंबर, आधार आणि लसीचे कार्ड बरोबर आणलेले हवे. मुकादमांना हे उचल देतानाच सांगावे, कोप्या पडल्यावर सांगून उपयोग होत नाही.

ज्या वस्तीला अंगणवाडीच नाही त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळण्याचा त्या वस्तीला हक्क आहे. आपल्या रानातल्या वस्त्या एकेकट्या मोजल्या तर ही संख्या भरत नाही. पाच-सहा वस्त्यांनी मिळून एक जागा सुचवावी आणि मुलांची नावे, जन्मतारखा, आईचे नाव व गावठाणातील अंगणवाडीपासूनचे अंतर अशी यादी करावी. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून अर्ज पंचायत समितीतील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी, कारण तीन महिने मोजायचे ते पोचेच्या तारखेपासून. यादी करण्यासाठी गट ऑफिसमधील वस्त्यांची रजिस्टरे आमचे शेतकी मदतनीस दाखवतील. बारा वाजेपर्यंत यावे, दुपारी ते फडावर असतात.